परबमामांचं फिरतं विश्व

परबमामांची आणि माझी ओळख माझ्या शर्टाच्या बाहीमुळे झाली. नायगावच्या बीडीडी चाळीतल्या वाचनालयात व्याख्यान संपवून मी चहा घेत होतो. समोरच्या गृहस्थांनी काही न विचारता माझ्या बाहीचा सुटलेला धागा तोडला, दोन्ही चिमटींत धरून उलटा फिरवला आणि म्हणाले, "पीळ कमी असा. दोन धुण्यांत जातला." शर्ट नवा कोरा होता. मला राग आला. शर्ट तिसऱ्या धुण्याला गेला.

गिरण्यांच्या संपाला तेव्हा काही महिने झाले होते. गिरणीत सूत कातायच्या खात्यात उभा जन्म काढलेले मामा आता दिवसभर वाचनालयात बसत. रिकामी माणसं झुरत बसू नयेत म्हणून वाचनालयाच्या मंडळाने मला विज्ञानावर बोलायला बोलावलं होतं. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचो आणि त्या दिवसांत मला फिरत्या विश्वाचं खूळ लागलं होतं. अवघं विश्वच गरगरत असेल, तर गणितातून अशा वाटा निघतात की पुढे पुढे चालत माणूस आपल्याच भूतकाळात पोचावा. बाकीच्यांनी जांभया दिल्या. मामा मात्र पुढच्या रविवारी दादरला माझ्या दारात हजर.

मग दर रविवारी यायचेच. प्रश्न सगळे धंद्यातले. एवढं फिरतंय, तर मधली चाती, म्हणजे सूत कातायचा फिरता दांडा, कुठे? मी सांगितलं, चाती नाहीच. जो जिथे उभा असेल त्याला सगळं आपल्याभोवतीच फिरताना दिसेल. "आमच्या जॉबराक पण असाच वाटायचा," मामा शांतपणे म्हणाले. जॉबर म्हणजे खात्यावरचा मुकादम. एका मुद्द्यावरून मात्र ते कधी हलले नाहीत: "फिरला की पीळ पडताच. पीळ नाय, तर फिरूक नाय." खगोलशास्त्रज्ञ तरी दुसरं काय शोधत होते? चहूकडून येणाऱ्या अतिप्राचीन प्रकाशात कुठे पिळाची खूण दिसते का, एवढंच. वर्गात हे वाक्य मी पुढे कितीदा तरी वापरलं, मामांचं नाव न घेता.

ते कशासाठी येतात, हे मला उशिरा समजलं. धाकटा भाऊ वसंता त्यांच्याच खोलीत राहायचा. दोघे लहानपणापासून एका ताटात जेवणारे. संपात पोरांचे हाल बघवेनात, तेव्हा वसंता एका सकाळी संप मोडून मिलच्या गेटातून आत गेला. मामांनी त्याची पत्र्याची ट्रंक उचलून व्हरांड्यात ठेवली आणि दार लावून घेतलं. शिवी नाही, आरडाओरडा नाही. वसंता बायकापोरांसह गावी निघून गेला, तो पुन्हा दिसला नाही.

दोन वर्षं मामा येत राहिले. मागे जायला जमेल का हो, असं त्यांनी विचारलं की मी म्हणायचो, गणिताला तरी मान्य आहे. ते गणित न पसरणाऱ्या विश्वाचं. आपलं विश्व पसरतं आहे, आणि त्या प्रकाशात पिळाचा मागमूस नाही. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण इतकं जीव लावून ऐकणारा माणूस मला तोवर भेटला नव्हता. त्याला गमावणं माझ्या जिवावर आलं.

अखेर एका रविवारी ते खुर्चीतसुद्धा बसले नाहीत. "मास्तर, सरळ सांगा. त्या सकाळपर्यंत माका मागे जावक जमतला? ट्रंक आत घेवची असा."

मी सगळं सांगून टाकलं.

"पीळ नाय?"

"नाही, मामा."

"मगे गावाकच जावक व्हया," ते म्हणाले आणि चपला घालून जिना उतरले.

सहाएक महिन्यांनी मामांचं कार्ड आलं. वसंताने काही विचारलं नव्हतं, फक्त सरकून ताटापाशी जागा करून दिली होती. 'चार महिने एकत्र जेवलो. त्याचे छातीचे दुखणे जुनेच होते, श्रावणात तो गेला. तुम्ही खरे सांगितलेत म्हणून भेट झाली. तुमचे उपकार विसरणार नाही.'

ते कार्ड मी कुणालाच दाखवलं नाही. पहिल्या रविवारी खरं बोललो असतो तर त्या चार महिन्यांत आणखी दोन वर्षांची भर पडली असती. मामांना मी उत्तर लिहिलं, प्रकृतीची चौकशी केली. मला ते पहिल्यापासून ठाऊक होतं, एवढं मात्र लिहिलं नाही.