बोल्टने ओढायचं नाही

भेटायला येणारा प्रत्येक माणूस बसल्या बसल्या एकच म्हणतो, रेसने नेला त्याला. मी मान हलवते. वाद घालायचं त्राण नाही आता. पण माझा धाकटा भाऊ रेसने नाही गेला. हार्ट बंद पडलं, सकाळी दाढी करताना, अर्ध्या गालाला साबण तसाच. रेस होऊन तेव्हा बरेच महिने झालेले. त्या रेसचं आणि त्या गिअरबॉक्सचं काय ते मला माहीत आहे, मी तिथे होते.

सगळे त्याला खटपट्या म्हणायचे. नाव आईने ठेवलेलं. लहानपणी स्टोव्ह उघडून बसायचा आणि घरात सगळे उपाशी. मोठा झाला तर गाड्यांची शेड टाकली. त्याच शेडच्या कोपऱ्यात माझी शिलाई मशीन, मी गाड्यांची सीट कव्हरं शिवते. नवरा गेल्यापासून तिथेच. दिवसभर आम्ही दोघं आणि आमची भांडणं.

चिखल आणि दगडधोंड्यांतून जीप पळवायच्या रेस असतात, त्यात तो भाग घ्यायचा. एकदा उतारावर जीप उलटली आणि डावा गुडघा गेला. आत सळई घातली, पाय वाकायचा बंद झाला. डावा पाय नाही म्हणजे क्लच नाही, क्लच नाही म्हणजे गाडी नाही. रेस सोडा, साधं दुकानात जायचं तरी कुणाच्या तरी मागे बसून.

"पोतं झालोय मी ताई," म्हणायचा. "कोणी पण उचलतं, कुठे पण ठेवतं."

मग त्याच्या डोक्यात आलं, जीपला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवायचा. त्याला क्लचचं पेडलच नसतं, एका पायाचं काम. भंगारातून एका मोठ्या पेट्रोल गाडीचा बॉक्स आणला. जीपचं इंजिन डिझेलचं, कंपनी वेगळी, भोकाला भोक जुळेना. मधे एक जाड प्लेट करून घ्यायची, एका बाजूला इंजिनची भोकं, दुसऱ्या बाजूला बॉक्सची. लेथवाले काका प्लेट बघून म्हणाले, "ही सोयरीक काही टिकायची नाही."

"तुम्ही भोकं नीट पाडा, संसार मी बघतो," हा म्हणाला.

भावजय तर बोलायचीच बंद झाली. डबा आणायची, स्टुलावर आपटायची, जायची. एकदा मला म्हणाली, "ताई, एक पाय गेला तो पुरला नाही का यांना?" दोघांच्या मधे माझंच भरीत.

आता त्याची चूक सांगते. या बॉक्सच्या तोंडाशी एक तेलाने भरलेला जड डबा असतो, मोठ्या टोपासारखा, त्याला कन्व्हर्टर म्हणतात. क्लचचं काम तोच करतो. बॉक्स चढवायच्या आधी तो हाताने फिरवत फिरवत आत बसवायचा, अगदी तळाशी. बसला की इंजिन आणि त्याच्या मधे बोटभर जागा राहते आणि तो मोकळा फिरतो. हे त्याला माहीत होतं, मला त्यानेच सांगितलेलं. पण त्याचा हात सगळा जन्म साध्या गिअरबॉक्सवर चाललेला. साधा बॉक्स शेवटी थोडा अडला की काय करतात, बोल्ट घालतात आणि आवळून ओढून घेतात. सगळेच करतात.

मी गाडीखाली उजेडासाठी बॅटरी धरून पडलेली. "प्लेट आणि बॉक्सच्या मधे फट राहिलीय अजून," मी म्हटलं.

"बोल्ट ओढून घेतील," तो म्हणाला आणि आवळत गेला.

आतून कट्ट झालं. बशी तडकावी तसं. कन्व्हर्टर तळाशी बसलाच नव्हता, बोल्टने दाबला जाऊन बॉक्सच्या आतला तेलाचा पंप फुटला होता. भाऊ तसाच आडवा पडून राहिला. मी पाना त्याच्या हातातून काढून घेतला तरी बोटं तशीच वळलेली. बाहेर येऊन म्हणाला, "मला कळत होतं गं. हाताला कळलं नाही."

दुसरा पंप मिळेपर्यंत अख्खा उन्हाळा गेला. त्यात भाऊ पार गळाला. पाय सुजायचा, दुपारी मशीनशेजारी चटईवर पडून राहायचा, मी शिवायची. मला वाटलं सुटलं याचं खूळ. पण पंप आला आणि उठला. बॉक्स चढवायच्या दिवशी सगळे पाने माझ्याकडे दिले. "मी मागितले तरी द्यायचे नाहीत. कन्व्हर्टर हाताने फिरल्याशिवाय नाही. बोल्टने ओढायचं नाही."

आणि तासाभरात मागायलाच लागला.

"ताई, पाना."

"फिरव आधी."

"बसलाय तो. दे."

"मग फिरव की."

"मी मेकॅनिक का तू?"

"मी पानेवाली. फिरव."

शिव्या घातल्या मला. मोठी बहीण आहे, तरी घातल्या. मी पाने मांडीखाली घेऊन बसले. मग त्याने सगळा बॉक्स पुन्हा खाली घेतला. डबा फिरवला तसा आणखी आत गेला, ठप्प आवाज आला. पुन्हा वर चढवला. प्लेटला पट्ट चिकटला, बोल्टशिवाय. आत बोट घालून डबा फिरवला, फिरला. मग हात पुढे केला. मी पाना दिला.

पुढेही कटकटी निघाल्या. पेट्रोलचा बॉक्स, त्याला इंजिन खूप जोरात फिरायची सवय, डिझेल तेवढं फिरत नाही. गिअर बदलायचाच नाही, इंजिन नुसतं बोंबलायचं. आतली स्प्रिंग बदलली, केबल ओढून सैल करून बघितली, तेव्हा कुठे बदलायला लागला.

रेसला गेलो. भावजय आली नाही. तो शेवटून दुसरा आला. चढावर तेल तापलं, हा मधे थांबला, गार होऊ दिलं आणि मग निघाला. बाकीचे पुढे गेले ते गेले. उतरला तर चेहऱ्यावर हसू नाही, काही नाही. नुसता थकलेला.

"झालं समाधान?" मी विचारलं.

"झालं," म्हणाला. "बस आता. घरी जाऊ."

जीप ट्रकवर चढवून आणायची ठरलेली. त्याने ट्रकवाल्याला परत पाठवलं. मी शेजारी बसले. डांबरी रस्ता लागला, ऊन उतरत होतं. आधी त्याच्या गाडीत माझा जीव मुठीत असायचा, गिअरचे धक्के, मान हिंदकळायची. या वेळी कधी डोळा लागला कळलंच नाही.

जाग आली तर गाडी घरासमोर उभी. इंजिन चालूच होतं. भावजय दारात उभी, हा तसाच स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेला.

"उठवायचं ना मला," मी म्हटलं.

"झोपली होतीस," तो म्हणाला. "दोन चकरा मारून आलो अजून."