आईचा आवाज नाकात जायला लागला

माझी आई धवलारीण आहे. आमच्या आगरी लग्नात धवले गाऊन विधी पार पाडते ती धवलारीण. आम्ही पनवेलला राहतो, पण सीझनमध्ये ओवे, गव्हाण, कुठूनही बोलावणं येतं आणि आई तासन् तास गाते. म्हणजे गायची. गेल्या वर्षी काय व्हायला लागलं, सुरुवात एकदम खणखणीत आणि अर्ध्या तासात आवाज नाकात. शब्द एकमेकांना चिकटलेले. डावी पापणी खाली.

एका हळदीत मागून कुणीतरी म्हणालं, "धवलारीन आज टाकून आलीय." बायका हसल्या. माझी आई, जी खोकल्याचं औषधपण वास घेऊन मग पिते! दोन दिवस ती घराबाहेर पडली नाही. आणि मी काय केलं? मी म्हटलं, आई, ड्रामा नको करू, सकाळी तर मस्त असतेस.

सकाळी मस्तच असायची ना. आता कळलंय, हा आजारच तसा आहे, वापरलं की स्नायू थकतो, आराम केला की परत येतो. आणि आमच्या डॉक्टरांचा दवाखाना सकाळचा. तीन वेळा गेलो. तीनही वेळा "टेन्शन घेता तुम्ही, वय झालं की होतं असं" आणि विटामिनच्या गोळ्या. एकदाही विचारलं नाही की संध्याकाळी काय होतं. आठवलं की अजून डोकं फिरतं.

मग मेंदूच्या डॉक्टरकडे. त्या म्हणाल्या, मोठ्याने पन्नासपर्यंत मोजा. आईने मोजले, व्यवस्थित. मला वाटलं झालं, परत विटामिन. मी म्हटलं, "आई, धवले म्हण."

"हितं? बाहेर मानसां बसलीत."

"म्हण ना."

ती लाजत लाजत सुरू झाली. डॉक्टरांनी थांबवलं नाही. दहाव्या मिनिटाला आवाज नाकात, पापणी खाली. त्यांनी रबरी हातमोज्यात बर्फ भरून डोळ्यावर ठेवला, दोन मिनिटांनी पापणी वर; या आजारात थंडीने स्नायू थोडा वेळ सावरतो. रक्त तपासलं आणि अँटीबॉडी सापडल्या.

नस एक केमिकल सोडून स्नायूला हल म्हणून सांगते, ते पकडायला स्नायूवर रिसेप्टर असतात. आईच्याच रक्तातल्या अँटीबॉडी त्यांच्यावर जाऊन बसतात. अँटीबॉडीला दोन हात. एका हातात एक रिसेप्टर, दुसऱ्यात शेजारचा, अशी जोडी बांधते. बांधलेली जोडी स्नायू आत ओढून मोडून टाकतो, आणि नवे बनतात त्याहून जास्त मोडतात. वर रक्तातली आणखी प्रथिनं येऊन त्या जागेला भोकंच पाडतात. उरलेले रिसेप्टर पहिल्या ओळींना पुरतात, पुढे पुरत नाहीत. म्हणजे ज्या अँटीबॉडीने जंतूंना मारायचं, ती माझ्या आईचा गळा खातेय. आणि लोक म्हणतात टाकून आलीय.

चुलत बहिणीचं लग्न आलं तर काकू घरी येऊन म्हणाली, "पोरीच्या लग्नात रडका आवाज नको. मी दुसरीला सांगितलाय."

मी सुटलेच. रिसेप्टर, दोन हात, भोकं, सगळं एका दमात. काकूने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "येवरी शिकलीस, मंग आईला बरी कर ना."

डॉक्टरांनी दिलेली गोळी रिसेप्टर परत आणत नाही, ती फक्त ते केमिकल जास्त वेळ टिकवते. अँटीबॉडी कमी करायचं औषध चालू आहे, पण त्याला महिने लागतात.

आई म्हणाली, "सकालची हलद मना दे. लगीन तिला दे."

"मधेच थांबलीस तं?"

"थांबलू तं थांबलू."

काकू हो म्हणाली, उपकार केल्यासारखं. मला इतका राग आला आईचा, अर्ध्यावर कशी काय तयार झाली ही.

हळदीला आईने तासभर आधी गोळी घेतली आणि गायली. खरंच गायली. मी घड्याळ बघत होते. चाळिसाव्या मिनिटाला एक शब्द नाकात गेला, मलाच कळला असेल. आईने हात वर केला, शेजारच्या दुसऱ्या धवलारणीला म्हणाली, "माजी ताकद हितपरत. आता तू म्हन." सगळ्यांसमोर.

कुणी हसलं नाही. दुसरीने तिथूनच पुढे उचललं, चांगलं गायली ती. मी मांडवाच्या खांबाला धरून रागाने रडत होते, कारण त्या धवल्याच्या खूप ओळी बाकी होत्या आणि आईला सगळ्या पाठ आहेत.