आईच्या परीक्षेला शेजारी बसलेलं कोण?

आधीच सांगते, भुतंखेतं, अंगात येणं असल्या गोष्टींना मी कधीच थारा दिला नाही. आमच्या घराण्यात सगळे फौजेत, नाहीतर दुकानात नोकरीला. कॉलेज पाहिलेली मीच पहिली — बी.एससी., तेही फर्स्ट क्लास. म्हणून हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय...

आम्ही ग्वाल्हेरचे, खासगी बाजारात राहतो. राखीनंतर आई न्हाणीघरात घसरली. थाटीपुरच्या एका नर्सिंग होममध्ये खुब्याचं ऑपरेशन झालं. ते नीट झालं, पण नंतर ती भलतंच बोलू लागली, सलाईन उपटू लागली. डॉक्टर म्हणाले, म्हाताऱ्या माणसांना ऑपरेशननंतर असा भ्रम होतो — डिलीरियम. उतरेल. तोवर तिचे हात पट्टीने पलंगाला बांधले! मला बघवेना. मी वाद घातला तर म्हणाले, "आप डॉक्टर हैं क्या?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या राउंडला ते भ्रम तपासायला आले. आई नीट बोलली तरच हात सोडणार होते.

"अम्मा, महीना कौन सा चल रहा है?"

"श्रावण."

"सावन तो राखी पे खतम. भादों है." त्यांनी मान हलवली.

"सर, हम मराठी लोग हैं. हमारा श्रावण अमावस तक चलता है. पोळा अभी बाकी है!"

"अच्छा? चलो अम्मा, अब महीने उल्टे सुनाओ."

"फाल्गुन... माघ... पौष..." आई अडली. तिने शेजारच्या रिकाम्या स्टुलाकडे मान वळवली, काहीतरी ऐकल्यासारखं केलं — "मार्गशीर्ष!" मग थेट चैत्रापर्यंत धडाधड.

पुन्हा स्टुलाकडे बघून मला म्हणाली, "अगं, तुझे बाबा म्हणतायत, डॉक्टरला डिग्री दाखव की. पिशवीतच आहे ना?"

बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली. माझा रिझल्टसुद्धा त्यांनी पाहिला नाही. आणि डिग्री खरंच पिशवीत होती... आदल्या दिवशीच्या टोमण्याच्या रागात सकाळी कपाटातून काढली होती. कुणाला सांगितलं नव्हतं, बाहेर काढायची हिंमतही झाली नव्हती.

"क्या कह रही हैं?"

"कहती हैं... मेरी डिग्री देख लीजिए."

डॉक्टर हसले. "इनका दिमाग तो हमसे तेज है. सिस्टर, हाथ खोल दो."

भ्रम असता तर उलटे महिने जमले नसते. आणि भ्रम नव्हता, तर स्टुलावर कोण होतं? मी एवढंच पाहिलं — हात सुटल्याबरोबर आईने चादर ओढून, बाबांसमोर पदर घ्यायची तशी डोक्यावर घेतली... आणि स्टुलाकडे बघून चक्क लाजली.