रजईतलं पीच

आत्या नक्की कुणाची आत्या, हे विचारायच्या भानगडीत गल्लीत कुणी पडत नसे. सत्तरी ओलांडलेले मास्तरही तिला आत्या म्हणत, आणि ती बिचारी साठीचीसुद्धा नव्हती. खरं सांगायचं तर या जगात ती एकाच माणसाची आत्या होती. भावाच्या मुलीची. ठकीची. भाऊ आणि वहिनी एकाच अपघातात गेले तेव्हा ठकीचे पुढचे दात पडले होते, आणि आत्यासाठी अजून अधूनमधून स्थळं येत होती. पुढे ती यायची थांबली. आत्याला त्याचं काही वाटलं नाही. निदान ती तसं सांगायची, आणि तिच्याशी वाद घालायला जातो कोण?

धंदा रजयांचा. खोली एकच, पण लांबलचक. अर्ध्या भागात संसार, अर्ध्यात कापूस. खोळ उलटी अंथरायची, तिच्यावर पिंजलेला कापूस पसरायचा, मग एका टोकापासून गुंडाळत नेऊन सगळी रजई अशी काही सुलटी करायची की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. मग काठीने बडवायची आणि लांब सुईने टाके घालायचे. गिऱ्हाईकाने पातळ रजई मागितली की आत्याचं डोकं फिरायचं. "पातळच हवी तर चादर घ्या की," म्हणायची, आणि वर पदरचा मूठभर कापूस कोंबायची. थंडीने आजवर कुणाचं भलं केलंय, हा तिचा ठरलेला सवाल होता.

ठकी शिकली, हुशार निघाली आणि विमानाशिवाय जाता येणार नाही इतक्या लांब नोकरीला लागली. निघायच्या दिवशी टॅक्सी दारात उभी, आणि ही बया मोरीपाशी उभी राहून पीच खातेय. कोपरापर्यंत रस ओघळलेला. बाठा ओट्यावर ठेवून ती म्हणाली, "आत्या, हा लाव. झाडाला पीच लागलं की खायला येते." आणि गेली.

आता निघताना माणूस काहीतरी बोलतोच. रडू येऊ नये म्हणून बोलतो. पण आत्याने ते वाक्य उचललं आणि पक्के टाके घालून मनात ठेवून दिलं. झाडाला पीच लागेल, ठकी येईल. यात न कळण्यासारखं काय आहे?

कोपऱ्यावरच्या फळवाल्याला तिने विचारलं. तो म्हणाला, बाठा फोडा, आतली बी ओल्या कापसात गुंडाळा आणि हिवाळाभर फ्रिजमध्ये ठेवा. कापसाला काय तोटा? पण बी डबीत घालून आत्या फ्रिजच्या दारातच अडली. एवढासा जीव, आणि त्याला गारठ्यात कोंडायचं! तरी ठेवली, कारण ठकीचं येणं त्या बीवर होतं. रोज भाजी काढताना डबीकडे बघून ती दोन शब्द बोलायची. हिवाळा संपता संपता बीला पांढरा मोड आला, आणि आत्या डबी घेऊन अख्ख्या गल्लीत फिरून आली.

कुंडीत झाड जोमात वाढलं. गुडघ्याएवढं झालं, मग कमरेएवढं. आणि पहिला गारवा सुटला तशी आत्या कुंडी ओढत आत घेऊन आली. शेगडीपासून चार हातांवर ठेवली आणि खोडाला नवीकोरी रजई गुंडाळली. लहान मापाची, खास शिवलेली, आत भरपूर कापूस. दर हिवाळ्यात हेच. झाड उंच झालं तशी रजईही मोठी झाली. झाडाला पानं होती, फांद्या होत्या, सगळं होतं. फूल मात्र नाही.

रविवारी ठकीचा फोन यायचा. आत्या झाडाची खबर द्यायची, ठकी तिकडच्या रस्त्यांची, ऑफिसची. ये, एवढं एकच अक्षर, पण ते आत्याच्या तोंडून कधी फुटलं नाही. पंख फुटलेल्याला मागून हाक मारू नये, असं तिचं तत्त्व होतं म्हणे. तत्त्व कसलं डोंबलाचं! भीती होती नुसती. हाक मारली आणि ती नाही म्हणाली तर? त्यापेक्षा झाड बरं. झाड फळलं की ठकी आपसूक येणार, कुणाला काही मागायला नको. फोन ठेवल्यावर खोली इतकी शांत व्हायची की आत्या उगाचच एखादी तयार रजई पुन्हा बडवायला घ्यायची.

एकदा फळवाला आपली रजई न्यायला आला आणि कोपऱ्यातलं ते गुंडाळलेलं ध्यान बघून त्याने कपाळाला हात लावला. म्हणाला, आत्या, या झाडाला थंडी हवीच असते. बीला लागली तशीच झाडालाही लागते. हिवाळ्यात उघड्यावर गारठलं नाही तर ते फुलायचं नाही. आत्याने त्याला आपली सफरचंदं सांभाळायला सांगितलं. त्याने पुढच्या वर्षीही सांगून बघितलं. पालथ्या घड्यावर पाणी!

मग एका रविवारी ठकीने सांगितलं की कंपनी तिला आणखी लांब पाठवतेय, काही वर्षांसाठी, पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर. आत्या म्हणाली, छान, छान. फोन ठेवून ती रजईवर बसली आणि एकाच ओळीवर दोनदा टाके घालत गेली. ते उसवताना तिच्या लक्षात आलं की आता वाट बघायला वेळ उरलेला नाही.

बाहेर हिवाळा लागला होता. तिने झाडावरची रजई सोडली, कुंडी ढकलत गॅलरीत नेली, दार लावलं आणि दाराला पाठ लावून आत उभी राहिली. आपण कुणालातरी घराबाहेर काढलं असं तिला वाटत होतं. रोज सकाळी चहाच्या आधी ती जाऊन खोड चाचपायची. पानं पिवळी पडली, गळली, नुसत्या काटक्या राहिल्या. तिने फळवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि त्याच्याकडून फळं घेणं बंद केलं. तरी कुंडी मात्र आत आणली नाही.

थंडी सरली आणि एका सकाळी त्या काटक्या गुलाबी झाल्या. पान एक नाही, सगळी फुलं. आत्या गॅलरीच्या फरशीवर बसली आणि हसता हसता रडायला लागली. हसू फुलांचं होतं. रडू याचं की हे झाड कधीच फुललं असतं. आपणच त्याला रजईत दाबून ठेवलं. झाड फुललं असतं तर ठकी एव्हाना येऊन गेली असती. मग ती फळवाल्याकडे गेली, मान खाली घालून किलोभर सफरचंदं घेतली. तो फक्त म्हणाला, "अति तिथे माती, आत्या." आणि एक सफरचंद वर टाकलं.

फुलांची गोष्ट तिने ठकीला सांगितली नाही. जे सांगायचं ते फळ पिकल्यावरच. बरीच फळं कच्चीच गळाली, मोजकी तगली, आणि त्यातलं एक रंगावर आलं. त्या रविवारी ठकीचा फोन यायच्या आत आत्यानेच लावला.

"ठके, पीच लागलं."

"अरे वा! फोटो पाठव ना."

"फोटो कशाला? खायला येणार होतीस ना तू?"

"मी? कधी?"

आत्याने टॅक्सीपासून सगळं सांगितलं. ठकी हसली. वाईट नाही हसली, मायेनेच हसली. "असं म्हणाले होते मी? मला आठवतसुद्धा नाही गं, आत्या."

इतके हिवाळे आत्या ज्या वाक्यावर जगली, ते बोलणारीला ठाऊकच नव्हतं. असू दे, गंमत केली, हे शब्द तिच्या जिभेवर आलेही होते. पण जे तोंडून निघालं ते वेगळंच होतं.

"मग झाडाचं राहू दे. मी बोलावतेय. ये."

"अगं, मग एवढी वर्षं बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, माझ्यासाठी कशाला येशील तू. म्हणून झाड वाढवलं."

"वेडी आहेस गं, आत्या," ठकी म्हणाली. मग तिने सावकाश समजावलं. तिकिटं निघालीत, सामान पुढे गेलंय, सुट्टी मिळणार नाही, या वर्षी काही केल्या जमणार नाही. आत्याने मध्ये एकदाही छान म्हटलं नाही.

"मला वाईट वाटतंय," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी परत विचारीन."

आणि विचारलं. त्याच्या पुढच्या रविवारीही विचारलं. ठकी अजून आलेली नाही.