आमच्या एसीचा कपॅसिटर आणि जिजूंचा पायगुण

ऑफिसात डबे उघडले की कोणीतरी विचारतंच, "ओम्या, जिजूंचं काय नवीन?" मी एक किस्सा सांगायला घेतो आणि बोलता बोलता दोन अजून आठवतात. ते संपेपर्यंत घरून आईचा फोन येतो आणि त्यात चौथा असतो. एसी आणि जावई आमच्याकडे एकाच उन्हाळ्यात आले. दोघांचंही कौतुक अजून संपलेलं नाही. फरक एवढाच की एसी कधीकधी बंद पडतो.

पोरं पोट धरून हसतात. हसू दे. माझा जळफळाट होतो आणि तो मी लपवत पण नाही.

*

सुरुवात बेलपासून झाली.

ताईचं लग्न ठरलं आणि अभिजीत जिजू पहिल्यांदा एकटे आमच्या मरोळच्या घरी येणार होते. दाराची बेल कितीतरी दिवस मेलेली. येणारा माणूस कडी वाजवायचा, नाहीतर खालून बोंबलायचा. जिजू आले, बेल दाबली, आणि टिंग टाँग! आई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आली. डोळ्यांत पाणी.

"पायगुण बघा हो," ती बाबांना बोलली. "पाऊल ठेवलं नाही तर बेल सुरू झाली."

बेलमध्ये सेल बाबांनी त्याच दिवशी सकाळी घातले होते. स्टुलावर चढून. मी स्टूल धरलं होतं.

बाबा बोलले, "हो ना, कमाल आहे."

जावयासमोर खरं बोलायची आमच्याकडे पद्धत नाही.

*

मग लग्न झालं, ताई मुलुंडला गेली, आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात एसी गेला. आतलं युनिट फू फू वारा सोडतंय, पण गरम. मे महिन्यात एसीवाल्याने फोन उचलला हेच खूप. "कल पक्का," बोलला. तो उद्या काही येईना.

मी खिडकीतून वाकून बाहेरच्या मशीनकडे बघितलं. नुसतं हूं हूं करतंय, पंखा ढिम्म. मेन बंद करून जाळीतून पंखा खराट्याच्या काडीने ढोसला, तर मस्त मोकळा फिरतोय. म्हणजे जाम नाहीये. मोटरला सुरुवातीचा धक्का देणारा जो कपॅसिटर असतो ना, तो गेला असणार. नेटवर चार व्हिडिओ बघितले, चारही तेच बोलत होते.

"आई, कपॅसिटर गेलाय. मी बदलतो."

"आधी अभिजीतरावांना विचार."

"जिजू बँकेत होम लोन देतात गं."

"म्हणून काय झालं? माणूस शांत आहे."

"मी इंजिनिअर आहे, आई."

"कॉम्प्युटरचा," आई बोलली. "तो पण घरात सारखा बंद पडतो."

जिजूंना फोन लावला. स्पीकरवर. जिजू मुलुंडहून बोलले, "गॅस संपला असेल."

अरे, गॅस संपला असेल हे आमचा इस्त्रीवाला पण बोलतो! देशात एसी बंद पडला की प्रत्येक माणूस हेच बोलतो. पण आईने माझ्याकडे वळून बघितलं आणि बोलली, "बघ. इतक्या लांबून कळलं त्यांना."

त्या दिवशी ठरवलं. एसी मीच दुरुस्त करणार आणि आईच्या तोंडून एकदा, फक्त एकदा, 'आमच्या ओंकारने केलं' हे ऐकणार. गारवा गेला खड्ड्यात.

*

शनिवारी आई मुलुंडला ताईकडे गेली आणि मी कामाला लागलो.

मेन स्विच पाडला. त्याच्याखाली बाबांना खुर्ची टाकून पेपर देऊन बसवलं, कोणी चुकून वर करायला नको म्हणून. बाजूचं पत्र्याचं झाकण काढलं. आत चांदीच्या रंगाचा डबा, वरून पुरीसारखा टम्म फुगलेला. हाच तो. आता ह्या डब्याची गंमत अशी की लाइट बंद केली तरी ह्याच्यात करंट शिल्लक राहतो. त्यामुळे आधी बल्बच्या होल्डरच्या दोन वायरी लावून तो उतरवायचा, मगच हात लावायचा.

"म्हणजे आईच्या रागासारखं," मी बाबांना बोललो. "विषय बंद झाला तरी आत भरलेला असतो."

बाबा हसले. आणि संध्याकाळी आईला सांगून टाकलं. आई त्या रात्री झोपेपर्यंत माझ्याशी बोलली नाही. ते जाऊ दे.

तर कुठल्या रंगाची वायर कुठे होती त्याचा फोटो काढला, डबा काढला, मार्केटमधल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात जाऊन सेम नंबरचा नवीन आणला. बसवला. झाकण लावलं. बाबांनी मेन वर केला. पंखा असा गरगरला! थंडगार हवा. बाबांनी पेपर बाजूला ठेवून पाठीवर थाप मारली. झकास वाटलं यार.

वीज कशाला जाळा म्हणून एसी बंद करून आईची वाट बघत बसलो. एंट्री कशी घ्यायची ते पण ठरवलं होतं. आई येणार, मी काही न बोलता रिमोट दाबणार.

आई आली. सोबत ताई आणि जिजू, सोडायला आलेले. मी पाण्याचे ग्लास आणायला आत गेलो. नुसते ग्लास आणायला! जिजूंनी घाम पुसला, समोर रिमोट दिसला, दाबला.

बाहेर आलो तेव्हा आई एसीखाली उभी होती.

"हात लावला नाही तर गार," ती बोलली.

मी बाबांकडे बघितलं. बाबांनी पेपर उघडला.

*

मला वाटलं, साक्षीदार पाहिजे. आणि साक्षीदार होता. आमची खिडकी मरोळ गावठाणाकडे उघडते, समोरच फिलू आंटीचं घर. आंटी दिवसभर ओट्यावर बसलेली असते. तिच्या नजरेतून मांजर सुटत नाही, मी तर ग्रिलमध्ये अर्धा बाहेर लोंबकळत होतो.

रविवारी आई भाजी घेऊन येत होती, मी मुद्दाम पिशव्या धरायला सोबत गेलो. आंटीने हाक मारलीच.

"अगो, काल तुमच्या खिडकीत मी बगला ना. कसा काम करत होता! एकदम मेकॅनिकसारखा."

मी पिशव्या खाली ठेवल्या. छाती बाहेर काढली.

"कोण?" आईने विचारलं.

"तुजा जावई! पाटीवर ब्यांकेचा नाव लिवलेला."

जिजूंनी दिवाळीला त्यांच्या बँकेचे टी-शर्ट आणले होते, पाठीवर नाव छापलेले. कळकट कामाला जुना टी-शर्ट बरा म्हणून मी तोच घातला होता.

"पण काल ते संध्याकाळी आले," मी बोललो.

"तेव्हाच केलं असेल," आई बोलली. "पिशव्या उचल."

*

आता जिजूंचं नाव झालं. बोरिवलीच्या काकूचा एसी बंद पडला तर काकूने फोन कोणाला करावा? जिजूंना. आणि जिजूंनी फोन कोणाला करावा? मला. बाल्कनीतून, हळू आवाजात.

"ओंकार, तो डबा कुठला रे? आणि त्याला हात कधी लावायचा नाही?"

मी सगळं सांगितलं. लाइट बंद, फोटो, बल्ब, सेम नंबर. सवयीने आईच्या रागाचं पण सांगून गेलो.

जिजूंनी सगळं नीट टाइप करून फॅमिली ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, 'करंट सासूबाईंच्या रागासारखा असतो, वरून कळत नाही.'

आई इतकी हसली, इतकी हसली, की ठसका लागला. पाणी मी आणून दिलं. तो मेसेज तिने भिशीच्या ग्रुपवर पाठवला, सोसायटीच्या पाठवला, योगाच्या पण पाठवला.

"किती गोड बोलतात," ती डोळे पुसत बोलली.

काकूने ग्रुपवर लिहिलं, 'थँक यू अभिजीत.' मी अंगठा टाकला. काय करणार?

*

बरं, माणूस वाईट असता तर सोपं होतं. मनसोक्त शिव्या तरी घातल्या असत्या. पण जिजू साले चांगले आहेत.

एका रविवारी आमरसाचं जेवण होतं. आईने पहिली वाटी जिजूंना, दुसरी पण जिजूंना. माझ्यापर्यंत पातेलं आलं तेव्हा डाव तळाला खरडायला लागला होता. जिजूंच्या लक्षात आलं. त्यांनी वाटी खाली ठेवली आणि सगळ्यांसमोर सरळ सांगितलं, "आई, ओंकारला वाढा. एसी त्याने केलाय. मी फक्त रिमोट दाबला."

मला गहिवरून आलं. मी आईकडे बघितलं. आई जिजूंकडे बघत होती.

"ऐकलंत?" ती बाबांना बोलली. "किती मोठं मन आहे. स्वतः करायचं आणि नाव दुसऱ्याचं घ्यायचं."

आणि उरलेला रस जिजूंच्या वाटीत.

*

गेल्या महिन्यातली गोष्ट. ताईचा फोन आला. "ओम्या, आमचा एसी गेलाय. लगेच ये."

"जिजू नाहीत का घरी?"

"आहे ना," ताई बोलली. "म्हणून तर लगेच ये."

पवईच्या ट्रॅफिकमधून रडतखडत मुलुंडला पोचलो. बाहेरचं युनिट त्यांच्या बाल्कनीत असतं. जिजूंनी झाकण काढलेलं, सगळ्या वायरी काढलेल्या, नवीन कपॅसिटर हातात. एवढं ऐकून ऐकून त्यांचा स्वतःचा पण विश्वास बसला होता बहुतेक. नशीब, लाइट बंद केली होती आणि बल्ब लावला होता.

"कुठली वायर कुठे होती?" मी विचारलं.

"तेच आठवत नाहीये."

"फोटो काढला होता ना?"

"काढला ना!" जिजूंनी मोबाइल पुढे केला. सेल्फी. जिजू हसतायत, अंगठा वर, मागे उघडं मशीन. वायरी जिथे होत्या तिथे बरोब्बर जिजूंचं डोकं.

"हा ग्रुपवर पण टाकला," ते बोलले.

ताई आत निघून गेली. मी स्टुलावर बसलो. झाकणाच्या आतल्या बाजूला कंपनीने नकाशा चिकटवलेला असतो, तो बघून एकेक वायर लावायला घेतली. जिजू शेजारी उभे, हातात पक्कड. घाम दोघांनाही.

तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल. ग्रुपवर फोटो बघून केला होता. जिजूंनी उचलला.

"अहो, किती दमलात! घाम बघा केवढा," आई बोलली. मग तिला मागे मी दिसलो, मशीनमध्ये कोपरापर्यंत हात घातलेला.

"ओंकार! तू काय तिथे लुडबुड करतोयस? बाजूला हो, त्यांना करू दे."

मी जिजूंकडे बघितलं. जिजूंनी माझ्याकडे बघितलं. मग मोबाइल जरा जवळ घेतला.

"असू दे हो आई," ते बोलले. "शिकतोय तो."