खुंटीवरची ढोलकी

वाद्यदुरुस्तीच्या दुकानात भुसा साचतो तसे किस्से साचतात. भुसा निदान संध्याकाळी झाडता येतो, किस्से नाही! कोल्हापुरात आमचं छोटं दुकान. थोरला भाऊ, दादा, दुरुस्ती करतो आणि गिऱ्हाइकांशी मी बोलतो. दादाला बोलू दिलं तर गिऱ्हाईक परत येत नाही, म्हणून ही वाटणी.

गेल्या पावसाळ्यात मलकापूरहून शांताक्का ढोलकी घेऊन आल्या. एका तोंडाची पुडी, म्हणजे वरचं चामडं, पार फाटलेली. ढोलकी त्यांच्या मालकांची. मालक वारले तेव्हापासून बायकांच्या भजनात अक्काच ती वाजवायच्या.

"मालक लई तापट," अक्का म्हणाल्या, "पर आता त्यांचा आवाज ह्यातच ऱ्हायलाय. नवी पुडी घातली आन् आवाजच गेला तर?"

"आन् फाटकी ठिवली तर काय वाजणार हाय?" दादा म्हणाला.

मी त्याचा पाय दाबला. अक्का ढोलकी आमच्या खुंटीवर अडकवून गेल्या. बाजाराला आल्या की यायच्या, धड बाजूवर एक थाप मारायच्या, ऐकायच्या आणि 'लावा' न म्हणताच एसटी पकडायच्या. तिकडे भजन नुसत्या टाळांवर चाललेलं.

*

गगनबावड्याच्या देवळातनं फोन आला. "पेटी झपाटलीया! भाता मारला की पट्टी न दाबता सूर धरती!"

पेटी दुकानात आली ती लिंबू-मिरची बांधूनच. दादानं उघडली. पावसानं लाकूड फुगून एक पट्टी खालीच अडकून बसली होती, त्यामुळे तिचा सूर काही केल्या बंद होईना.

"भूत न्हाय, तुमचा पाऊस हाय!" दादा म्हणाला.

"मग लिंबू काढू का?" पुजाऱ्यांनी विचारलं.

"ठेवा. सरबत करू."

*

एक तरुण इंजिनिअर बासरी घेऊन आला. "काका, हिच्यातनं नुसती हवा यायला लागल्या."

बघतो तर बासरीला भोकंच भोकं! म्हणे, सूर कमी पडत होते, घरात ड्रिल मशीन होतं, पाडली दोन-चार जादा.

दादानं बासरी उजेडाला धरून बघितली. "ब्येस! आता तुळशीला पाणी घाला. झारी झाली!"

पोरगं भलं, हसत हसत नवी बासरी घेऊन गेलं.

*

आमच्या गल्लीतला मारुती हलगी वाजवतो. मिरवणुकीत पाऊस आला, हलगी सादळली आणि पापडावर टिचकी मारल्यागत वाजायला लागली. मारुती धावला तो थेट वड्याच्या गाड्यावर, आणि हलगी शेगडीवर धरली! चामडं शेकलं की ताणलं जातं, हे वडेवाल्याला कुठलं ठाऊक?

"ओ पावणं," तो ओरडला, "नुसती शेकायची का तळून देऊ?"

*

एक बाई तबला घेऊन आल्या. "सासऱ्यांचा हाय. मधी काळं डाग पडलेलं, काथ्यानं घासून लख्ख केला. तवापास्नं बोलतच न्हाय."

अहो, तो डाग नव्हता, शाई होती! तबल्याचा सूर तिच्यावरच उभा असतो. दादानं कपाळावर हात मारला. मग लोखंडाचा कीस भाताच्या लगद्यात मळून थरावर थर दिले, दगडानं घोटले.

बाई तबला न्यायला आल्या तेव्हा शांताक्काही बसलेल्या. दादानं बोट मारलं. टणण्! बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"त्योच आवाज हाय?" अक्कांनी घाईनं विचारलं.

"व्हय की, त्योच!"

अक्कांनी खुंटीवरची ढोलकी काढून दादापुढे ठेवली. शेवटी म्हणाल्या, "लावा."

*

पुडी बसली. अक्का आल्या, पंखा बंद करायला लावला, ढोलकी मांडीखाली घेतली. दादा, जो कुणाच्या बापाला भीत नाही, तो नखं खात उभा होता.

अक्कांनी थाप मारली. नवं चामडं खणकन्, करकरीत वाजलं. पहिल्यासारखं अजिबात नाही.

अक्कांनी मान तिरपी करून आणखी एक थाप मारली. ऐकलं. आणि खुदकन् हसून पदर तोंडाला लावला.

"मालकच हायत की! जरा चिडल्यात. इतकं दिस भिताडाला टांगून ठिवलंसा न्हवं!"