घड्याळ मागे नेण्याचा रविवार

आमच्या ऑफिसातला कॉम्प्युटर बहरीनमध्ये असूनही लंडनच्या वेळेने चालायचा. कंपनी जहाजांवरचा माल उतरवून गोदामांत पोचवायची. हेड ऑफिस लंडनला होतं, आणि दिवसभराच्या नोंदी संध्याकाळी टेलिफोनच्या तारेवरून तिकडे जायच्या, म्हणून यंत्राला तिथलीच वेळ लावलेली. बहरीनची घड्याळं वर्षभर एकसारखी चालत. लंडनवाले मात्र मार्चमध्ये घड्याळ एक तास पुढे नेत आणि ऑक्टोबरअखेर मागे आणत. त्या दोन रविवारी आम्हालाही तेच करावं लागे. बहरीनमध्ये सुट्टी शुक्रवारी, रविवारी ऑफिस चालूच असे.

पुढे नेणं सोपं होतं. मागे आणताना मात्र तासभर यंत्र बंद ठेवायचं. नाहीतर एकच वेळ एका दिवसात दोनदा यायची आणि आधीची नोंद कुठली, नंतरची कुठली, हे त्याला कळत नसे. हे काम दोघांनाच यायचं, मला आणि आमच्या सेक्शनच्या प्रमुखांना. ते रत्नागिरीकडचे मुसलमान, वयाने माझ्या वडिलांच्या बरोबरीचे. सगळे त्यांना चाचा म्हणत. इतरांशी ते इंग्रजी-हिंदीत बोलत, माझ्याशी मराठीत.

ऐंशी साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. ऑक्टोबरातल्या त्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी आमच्या गुदैबियाच्या फ्लॅटवर तार आली. वसईहून, बहिणीची. आई सकाळी गेली, दफन रविवारी चार वाजता. मी ती वाचली, घडी करून डब्याखाली ठेवली आणि कढईतले मासे परतले.

नवरा हॉटेलातल्या ड्यूटीवरून आला तेव्हा त्याला जेवायला वाढलं आणि मग सांगितलं. तो हात न धुताच उठला.

"लीव माग. उद्याच निघ."

"पासपोर्ट कंपनीने आमच्या ऑफिसातल्या तिजोरीत ठेवलाय. तिजोरी सकाळी उघडेल. चारपर्यंत मी पोचणार कशी?"

माझं म्हणणं खरं होतं, आणि ते बोलताना मला काहीच वाटलं नाही. दुसऱ्याच कुणाच्या तिकिटाची चौकशी करावी तसं मी बोलत होते. मी म्हटलं, "नाताळात जाईन."

रविवारी मी वेळेवर ऑफिसात गेले. कुणाला काही बोलले नाही. लपवायचं असं नव्हतं. सांगायला तोंड उघडावं लागतं, ते उघडलं नाही, एवढंच.

नऊ वाजता चाचांनी यंत्र बंद केलं. त्या खोलीत पंख्यांचा आणि यंत्राचा आवाज इतका सवयीचा झाला होता की तो थांबल्यावर कान दुखल्यासारखे वाटले. बाकीचे चहाला गेले. चाचांना मॅनेजरने बोलावलं म्हणून जाताना ते म्हणाले, "दहाला तूच चालू कर. वेळ नीट घाल गो बाय."

मी खुर्चीत बसून हिशोब करू लागले. इथे नऊ, म्हणजे वसईत साडेअकरा. आईला आंघोळ घालून झाली असेल. लाल लुगडं नेसवलं असेल. नवं नेसवलं, की रोजच्यातलं? पुढच्या खोलीत ठेवायचं तर केळीच्या बाजूची खिडकी उघडावी लागेल. ओटीवर खुर्च्या मांडल्या असतील. हे सगळं मी ओळीने आठवत गेले, यादी करावी तसं. डोळे कोरडेच होते.

दहा वाजता यंत्र चालू केलं. ते सुरू होताना तारीख आणि वेळ विचारायचं. मनगटावर दहा. उन्हाळ्याच्या हिशोबाने लंडन दोन तास मागे, म्हणजे आठ. त्यातून एक तास वजा करून सात घालायचे. मी एक तास मिळवला आणि नऊ घातले. यंत्राच्या नोंदवहीतही स्वच्छ अक्षरात नऊ लिहून सही केली. मग दिवसभर सलमाबादच्या गोदामातून आलेल्या चिठ्ठ्या टाईप केल्या.

सोमवारी दुपारी लंडनहून टेलेक्स आला. कालच्या सगळ्या नोंदी त्यांच्या यंत्राने परत केल्या होत्या. तिकडे संध्याकाळचे पाच वाजले असताना आमचा कॉम्प्युटर सात वाजल्याचं सांगत होता. अजून न आलेल्या वेळेच्या नोंदी घ्यायला ते यंत्र तयार नव्हतं.

चाचांनी वही उघडली आणि माझ्या सहीवर बोट ठेवलं. "नऊ? हे तू लिवलंस?"

"हो."

"दर वर्षी तूच करतेस. काल काय झालं होतं?"

"आई गेली," मी म्हणाले. "शनिवारी."

नवऱ्याव्यतिरिक्त कुणाला ते पहिल्यांदाच सांगत होते. चाचांनी वही मिटली. ओठांतल्या ओठांत काही पुटपुटले, आणि मग एकदम रागावले. "आणि तू आज सांगतेस? काल मी तुला इथे एकटीला बसवून गेलो!"

ते धपकन खुर्चीत बसले. मला त्यांचीच काळजी वाटली. मी त्यांना पाणी आणून दिलं.

मॅनेजर इंग्रज होता. तो म्हणाला, आधी सांगायला हवं होतं, आता घरी जा, लीव मिळेल. मी म्हटलं, आधी कालचं पुन्हा भरते. घरी जाऊन करायचं काय, हा प्रश्न मी त्याला विचारला नाही.

चाचा माझ्या शेजारी बसले. ते एकेक चिठ्ठीवरची वेळ लंडनच्या हिशोबाने वाचत, मी ती खरी वेळ घालून टाईप करी. सात वाजून दहा, सिमेंट. आठ वाजून चाळीस, एअर कंडिशनर. असा अख्खा रविवार माझ्यासमोरून पुन्हा गेला.

"साडेदहा," चाचांनी वाचलं. "लोखंडी पाईप, बारा नग."

लंडन आता तीन तास मागे, तिथले साडेदहा म्हणजे इथले दीड, म्हणजे वसईत चार. माझे हात कळफलकावर होते, पण बोटं हलेनात. चाचांनी पुन्हा वाचलं नाही. चिठ्ठी हातात धरून ते थांबले. मी रडले नाही. मग म्हटलं, "पाईप किती?"

"बारा."

मी बारा घातले. सगळं संपायला संध्याकाळ झाली. लंडनने या वेळी नोंदी घेतल्या.

नाताळात मी वसईला गेले. बहीण मला दफनभूमीत घेऊन गेली. मेणबत्ती लावताना ती हुंदके देत होती. मी वाऱ्याला हात आडवा धरून ज्योत सांभाळली. घरी परतताना ती म्हणाली, "आईची तू लाडकी होतीस. एक टिपूस नाही तुझ्या डोळ्यांत. तिकडे जाऊन दगड झालीस."

कॉम्प्युटर, लंडन, एक तास मिळवला की वजा केला, हे सगळं त्या पायवाटेवर कुठून सुरू करायचं? घरी पोचलो. तिने पेजेचं भांडं चुलीवर ठेवलं, मी विहिरीचं पाणी काढायला गेले.